किल्ली काढली तरी मुठी गरम



या वेळी पायांच्या सुजेबद्दल लिहीन असं मागच्या अंकात कबूल केलं होतं. ते आता पुढच्या खेपेस. मध्यंतरी आमच्या घरी मोटारसायकलीचं एक प्रकरण झालं, त्यात दोन महिने गेले, आणि ते लिहून काढल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. म्हातारी नर्स मोटारसायकलीवर काय लिहिणार असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या नातवंडांकडे गाडी असेल, इस्रायलात असतील तर टुस्टुस असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. मुलांनो, तुम्ही स्वतःच वाचा. मध्ये थोडा भागाकार आहे.

माझी नात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही जॉन्सनव्हिलला राहतो, म्हणजे वेलिंग्टनच्या उत्तरेला डोंगरावर. शहरात उतरायचं तर न्गौरांगाचा घाट. आपल्या खंडाळ्यासारखी वळणं नाहीत, पण उतार तीव्र, शेजारून ट्रक धडधडत जातात आणि वारा असा की उभ्या माणसाला ढकलावं. जून-जुलैत पहाटे पाच-सहा अंश तापमान असतं. सकाळच्या पाळीला नात सहाच्या आधी निघते. वॉर्डात पोचली की तिच्या हाताची बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लालभडक होतात, आणि लाल होताना अशा कळा येतात की पेन धरवत नाही. आमच्या धंद्यात याला रेनॉ म्हणतात. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून बसतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे हात गरम ठेवणं. म्हणून तिच्या वाढदिवसाला मी माझ्या पेन्शनीतून गरम होणाऱ्या मुठी घेऊन दिल्या. हँडलच्या रबरी मुठींच्या जागी बसतात, आत तार असते, वीज गेली की तापतात. तेव्हा सगळ्याचं मूळ मीच, हे आधी सांगून टाकते.

तिने त्या एका रविवारी बसवल्या. दोन वायरी सरळ बॅटरीला, अधिकाला अधिक, उण्याला उणं. मुठींना त्यांचं स्वतःचं बटण होतंच. दहा दिवस पोरगी खूश. अकराव्या दिवशी पहाटे पावणेसहाला स्टार्टर दाबला तर नुसतं कट् कट् कट्. आदल्या रात्री मुठींचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं.

मुलांनो, आता हिशेब करा. मुठी ४८ वॉटच्या, बॅटरी १२ व्होल्टची. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर येतात. ४८ भागिले १२, म्हणजे ४ अँपिअर. तिच्या गाडीची बॅटरी ८ अँपिअर-तासांची. तासाला ४ या हिशेबाने ती किती तास पुरेल? दोन. मोटारीची बॅटरी पाच-सहा पट मोठी असते, तिला हे काहीच वाटलं नसतं. मोटारसायकलीची बॅटरी म्हणजे लहान बाळाचं पोट, थोडंच मावतं.

मी नाइटगाऊनवर कोट चढवला आणि तिला माझ्या मोटारीतून सोडून आले. दहा मिनिटं उशीर झाला. दहा मिनिटांनी काय होतं असं लोकांना वाटतं. रात्रपाळीच्या नर्सला तेवढी दहा मिनिटं घरी जाता येत नाही, आणि पाळी बदलताना पेशंटची जी माहिती तोंडी सांगायची ती घाईत सांगितली जाते. घाईत सांगितलेली माहिती काय करते ते मी चाळीस वर्षं पाहिलं आहे. नातीला मी गाडीत काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती, ती खिडकीबाहेर बघत बसली होती.

तर वाहनावर काहीही जादा विजेचं बसवायचं, मग ती मूठ असो, फोनचा चार्जर असो की जादा दिवा, पहिला नियम असा की किल्ली फिरवल्यावर ते चालू व्हावं आणि किल्ली काढली की मरावं. माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही. चार्जरचं तर बटणही नसतं पुष्कळदा. त्याचा तो छोटा निळा दिवा २० मिलिअँपिअर खातो असं धरलं तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास गेला. आठ दिवस गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी रिकामी.

हे मला नवीन नव्हतं खरं तर. १९६०च्या दशकात पेणला माझ्या मामांकडे जावा होती. तांबडी, पोटाला चकचकीत क्रोमची टाकी. १९६१ पासून म्हैसूरला बनायची ती, आयडियल जावा कंपनीची, पुढे १९७३ पासून तिचंच नाव येझदी झालं. किकचा आणि गिअरचा दांडा एकच! किक मारून झाली की तोच दांडा खाली पाडून गिअर टाकायचे. आम्ही पोरं ते बघायलाच दारात जमायचो. तिची वीज ६ व्होल्टची, दिवा म्हणजे काजवा. कर्नाळ्याच्या रस्त्याला पावसात काही दिसेना म्हणून मामांनी एक जादा दिवा बॅटरीवरून सरळ जोडला आणि त्याचा झाला आम्हाला अभिमान. आठवड्याच्या आत वडखळच्या नाक्यावर दिवा विझवायला विसरले, चहाला बसले, गप्पा लांबल्या. परतीला गाडी बैलगाडीला बांधून आणली. मामी पुढे वर्षभर त्यांना "बैलजावा" म्हणायची. मी ही गोष्ट नातीला सांगितली. ती म्हणाली, "आजी, मग मला आधी का नाही सांगितलंस?" याला उत्तर नव्हतं.

तिने दुसरा प्रयोग केला. कॉलेजातल्या कुणी सांगितलं की मागच्या लाल दिव्याची वायर किल्लीबरोबर चालू-बंद होते, तिलाच जोड. झालं, मुठीही त्यावर आणि फोनचा चार्जरही. किल्ली काढली की सगळं बंद. मलाही वाटलं, पोरीने तोडगा काढला.

जुलैतली संध्याकाळ, साडेपाचलाच अंधार. पोरगी घाटातून वर येत होती. मुठी पूर्ण तापलेल्या, फोन चार्ज होतोय, पुढे गर्दी म्हणून ब्रेक दाबलेला, इंडिकेटर चालू, आणि कुणीतरी आडवा घुसला म्हणून हॉर्न. त्या क्षणी मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, मीटरवरचे दिवे सगळे एकदम गेले. इंजिन चालू, पुढचा दिवा चालू, म्हणून तिला वाटलं नुसता मीटरच बिघडला. मागे काय झालं ते तिला कसं दिसणार? तिच्या पाठीमागे एक मोठा ट्रक होता. त्याच्या चालकाने तिच्यावर प्रखर दिवे टाकले, भोंगा वाजवला, आणि देव त्याचं भलं करो, तो तिच्यामागे हळूहळू, स्वतःचे चारही इंडिकेटर लुकलुकवत, ती कडेला थांबेपर्यंत चालत राहिला. मग खिडकीतून ओरडून सांगितलं की मागे पूर्ण काळोख आहे.

घरी आली तेव्हा बोटं गरम होती आणि ओठ पांढरे.

काय झालं होतं? पुन्हा हिशेब. त्या सगळ्या दिव्यांचा मिळून १० अँपिअरचा एक फ्यूज. मुठी ४, चार्जर १, मागचा आणि मीटरचा दिवा मिळून १, ब्रेकचा दिवा २१ वॉटचा म्हणजे पावणेदोन, इंडिकेटरचे दोन बल्ब मिळून साडेतीन. बेरीज करा. सव्वाअकरा आली ना? वर हॉर्नचे दोन-अडीच. फ्यूजने आपलं काम केलं आणि जीव दिला.

कॉलेजातल्या त्याच शहाण्याने सांगितलं की १०च्या जागी २०चा फ्यूज टाक, पिवळा मिळतो. मी ऐकत होते, आणि आयुष्यात क्वचितच ओरडते तशी ओरडले. मुंबईत मी अडीच वर्षं जळितांच्या वॉर्डात काम केलंय. जास्त लिहीत नाही, मुलं वाचतात. फ्यूज वस्तूला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर जेवढी सोसेल तेवढाच फ्यूज. मोठा फ्यूज घातला की फ्यूज शाबूत राहतो आणि त्याच्या जागी वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

शेवटी शेजारच्या आजोबांना हाक मारली. हे इथल्या रेल्वेत विजेचं काम करून निवृत्त झाले, ऐंशीच्या पुढचे. आमची जॉन्सनव्हिलची गाडी १९३८ पासून विजेवर चालते, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना विजेबद्दल सांगू नये, त्यांच्याकडून ऐकावं. त्यांनी खिशातून काड्यापेटीपेक्षा लहान अशी काळी डबी काढली. म्हणाले, रिले.

रिले कसा चालतो ते मी माझ्या भाषेत सांगते. वॉर्डात पेशंटच्या उशाशी घंटीचं बटण असतं. पेशंट अंगठ्याने दाबतो. त्या अंगठ्यात प्राणवायूचा सिलिंडर ओढून आणायची ताकद नाही, आणि नसावीच. त्याचं काम घंटी वाजवणं. घंटी ऐकून वॉर्डबॉय उठतो आणि सिलिंडर ढकलत आणतो. रिलेत एक बारीक तारेची गुंडाळी आहे, ती पेशंटचा अंगठा. तिला वीज मिळाली की ती लोहचुंबक होते आणि एक लोखंडी पट्टी खेचते. टक्! पट्टी दोन जाड टोकं जुळवते, आणि त्यांतून बॅटरीची मोठी वीज वाहते. हा वॉर्डबॉय. गुंडाळीला लागतात जेमतेम ०.१५ अँपिअर. म्हणजे मागच्या दिव्याच्या नाजूक वायरीवर ४-५ अँपिअरचं ओझं टाकायच्या ऐवजी फक्त घंटी वाजवण्यापुरतं काम टाकायचं.

आजोबांनी सांगितलं की ही युक्ती तारायंत्राच्या काळातली. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३५च्या सुमारास केली. लांबच्या तारेतून वीज क्षीण होऊन येते, ती फक्त पुढच्या ताज्या बॅटरीचा दरवाजा उघडते. रिले हा शब्दच मुळी टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे बदलण्याचा. आपल्याकडेही टपालाचे घोडे तसेच बदलत.

तारायंत्र निघालं म्हणून एक सांगून घेते. हिंदुस्थानात पहिली तार घातली ती एका डॉक्टराने. विल्यम ब्रुक ओशॉनेसी, आयर्लंडचे. कलकत्त्याजवळ १८३९ साली त्यांनी प्रयोग केला, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली. पण हेच गृहस्थ हिंदुस्थानात येण्याआधी, १८३१-३२च्या पटकीच्या साथीत, रुग्णांचं रक्त तपासून म्हणाले होते की यातलं पाणी आणि मीठ गेलंय, ते परत घाला. त्यावरून थॉमस लॅटा या डॉक्टरांनी १८३२ साली शिरेतून मिठाचं पाणी दिलं. म्हणजे मी जन्मभर जी सलाइनची बाटली लावली तिची कल्पना आणि आपल्या गावी आलेली तार, दोन्ही एकाच माणसाकडे जातात. हे नर्सिंगच्या शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. आता ती तारही नाही, भारतात जुलै २०१३मध्ये बंद झाली.

असो. काम असं केलं. सीट काढली. आधी बॅटरीची उणे बाजूची वायर सोडवली. का आधी उणे? कारण गाडीची सगळी लोखंडी बॉडी उण्याला जोडलेली असते. अधिकाचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. उणे आधीच सोडलेलं असेल तर टेकला तरी काही होत नाही. परत जोडताना अधिक आधी, उणे शेवटी.

रिलेला चार पाय, प्रत्येकावर आकडा. ३० वर बॅटरीचं अधिक टोक, पण मधे फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. आजोबा म्हणाले, फ्यूजच्या अलीकडचा वायरीचा तुकडा अनाथ असतो, त्याला कुणी राखणदार नाही, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. ४ आणि १ मिळून ५ अँपिअर, म्हणून साडेसातचा तपकिरी फ्यूज, आणि वायर मात्र दोन चौरस मिलिमीटरची, फ्यूजपेक्षा कितीतरी जास्त सोसणारी. ८७ वरून वायर मुठींना आणि चार्जरला. ८५ बॉडीला, म्हणजे उण्याला. आणि ८६ ला ती घंटीची वायर, मागच्या लाल दिव्याच्या वायरीवरून घेतलेली.

जोड देताना नातीने वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळायला घेतली, तसे आजोबांनी तिच्या हातातून काढून घेतल्या. गाडी थरथरते, चिकटपट्टी उन्हात सुटते, पावसात गळते. त्यांनी पितळी नळी दाबून जोड दिला, वर आकसणारी रबरी नळी चढवून गरम हवेने आवळली. टाके घालून ड्रेसिंग केल्यासारखं दिसत होतं. हँडल वळतं तिथे वायरीला हातभर सैल सोडली, नाहीतर वळताना ओढली जाऊन तुटते किंवा घासते. मी बॅटरी धरून बसले होते, आणि चहा केला.

किल्ली फिरवली. टक्. मुठी तापल्या. किल्ली काढली. टक्. सगळे हसलो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नऊ दिवसांनी रात्री दीड वाजता मी उठले, या वयात उठावंच लागतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर गॅरेजच्या दाराखालून लाल उजेड. मला वाटलं आग. चप्पल न घालता धावले. आग नव्हती. गाडी शांत उभी, किल्ली नाही, हँडल कुलुपबंद, आणि मागचा लाल दिवा जळतोय. मुठीला हात लावला. तापाच्या पेशंटचा हात असतो तशी गरम.

नात संध्याकाळची पाळी करून पाऊण वाजता आली होती. तिला उठवलं. ती म्हणते, "आजी, किल्ली माझ्या खिशात आहे!" आणि ते खरंच होतं. आम्ही दोघी त्या थंडीत किल्लीच्या भोकाकडे बघत बसलो. तिथे चार खुणा होत्या. चालू, बंद, कुलूप, आणि त्याच्या पुढे एक इंग्रजी पी. रात्री रस्त्याकडेला गाडी उभी करायची वेळ आली तर किल्ली काढूनही मागचा दिवा लागता ठेवता यावा, म्हणून कितीतरी गाड्यांना ही खूण असते. दमलेल्या हाताने किल्ली कुलपापलीकडे एक खाच जास्त फिरली. दिवा लागला. दिव्याने घंटी वाजवली. वॉर्डबॉय बिचारा उठून मुठी तापवत बसला. मुठींचं बटण बंद करायचं तिने आता सोडलंच होतं, कारण किल्ली सगळं बंद करते असा तिचा विश्वास.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले तेव्हा प्रथमच ओशाळलेले पाहिले. म्हणाले, मी तिन्ही खुणांवर तपासलं, चौथी राहिली. मग मीटर घेऊन एकेक वायर, प्रत्येक खुणेवर, मी कागदावर चौकट आखून लिहीत गेले, तापाच्या तक्त्यासारखी. पुढच्या दिव्याची वायर चालली असती, कारण इथे १९८० पासून पुढे बनलेल्या मोटारसायकलींना दिवसाही पुढचा दिवा लावावाच लागतो, आणि भारतातही एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा आपोआप लागतो. पण या गाडीत वरचा दिवा केला की खालच्याची वीज तुटते, मग मुठीही थंड. शेवटी ब्रेकच्या दिव्याच्या बटणाला अलीकडून जी वायर येते ती सापडली. फक्त 'चालू' वर जिवंत, बाकी तिन्हींवर मेलेली. घंटीची वायर तिथे हलवली. जुन्या जोडाची जागा नीट बंद केली.

मग इंजिन चालू करून, मुठी पूर्ण तापवून, चार्जर लावून बॅटरीवर मीटर धरला. इंजिन जरा वाढवल्यावर १३.८ व्होल्ट. याचा अर्थ गाडी जेवढी वीज खर्च करते त्याहून जास्त बनवते. साडेबाराच्या खाली दिसला असता तर मुठींची आच कमी ठेवावी लागली असती, कारण लहान गाडीचं जनित्र काही कोयनेचं धरण नव्हे. गाडी नुसती उभ्या उभ्या घुरघुरत असताना तर ते फारच थोडी वीज बनवतं.

आता दहा आठवडे झाले. त्यातले सहा कडक थंडीचे. पोरीची बोटं एकदाच पांढरी पडली, आणि ती मोटारसायकलीवर नव्हे, फ्रीजरमधून मटार काढताना. तो कागदाचा तक्ता मी आजोबांच्या सांगण्यावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवलाय, वायरींच्या रंगांसकट. पुढे कुणी मेकॅनिक उघडेल तेव्हा त्याला मराठी कळणार नाही म्हणून नातीने खाली इंग्रजीत लिहिलंय.

सकाळी ती गॅरेजमध्ये किल्ली फिरवते तेव्हा स्वयंपाकघरात मला ती टक् ऐकू येत नाही, कान आता तेवढे राहिले नाहीत. ती मला खिडकीतून अंगठा दाखवते.

पायांच्या सुजेचं पुढच्या अंकात नक्की. ज्यांना सूज आहे त्यांनी तोवर दुपारी पाय उशीवर घेऊन पडावं. आणि एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली, तर माझ्या लेखाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.